पाटीवर मराठी हवीच, पण उर्दू पुसायची कशासाठी?

नगरपरिषदेच्या पाटीवर मराठी नावाखाली एक ओळ उर्दूत लिहिली, तर कायदा मोडतो का? अकोला जिल्ह्यातल्या पातूरमधून निघालेला हा प्रश्न जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त, उच्च न्यायालय असे टप्पे घेत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १५ एप्रिल २०२५ रोजी उत्तर मिळालं: नाही, कायदा मोडत नाही.

या निकालाबद्दल आपल्या वस्त्यांमध्ये दोन उलट समजुती ऐकायला मिळतात. कुणी म्हणतं, आता प्रत्येक सरकारी कार्यालयावर उर्दू पाटी लावावीच लागणार. कुणी म्हणतं, दुकानावर मराठीची सक्ती आहे म्हणजे उर्दू लिहिलं की दंड बसणार. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. पहिलीमुळे आपण नको तिथे हट्ट धरतो आणि दुसरीमुळे विनाकारण घाबरून स्वतःच पाटी उतरवतो. म्हणून कायदा नेमका काय सांगतो, कुठे थांबतो आणि आपली बाजू कुठे भक्कम आहे, हे नीट समजून घ्यायला हवं.

पातूरमध्ये काय घडलं?

पातूर नगरपरिषदेच्या नव्या इमारतीवर नाव लिहिलं गेलं. वर मराठी, त्याखाली उर्दू. एका माजी नगरसेविकेने हरकत घेतली की नगरपरिषदेचा कारभार फक्त मराठीत चालला पाहिजे, पाटीवरही दुसरी भाषा नको. १४ फेब्रुवारी २०२० रोजी नगरपरिषदेने बहुमताने ही मागणी फेटाळली. कारण साधं होतं. १९५६ पासून तिथे उर्दूचा वापर होत आला आहे आणि गावातल्या बऱ्याच लोकांना ती भाषा कळते.

प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलं. डिसेंबर २०२० मध्ये त्यांनी हरकत मान्य केली. एप्रिल २०२१ मध्ये अमरावतीच्या विभागीय आयुक्तांनी जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश रद्द केला. पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही उर्दूच्या वापरात बेकायदेशीर काही नाही असं म्हटलं. दरम्यान राज्याने २०२२ मध्ये स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषेबाबत नवा कायदा केला. त्या कायद्याने तरी उर्दूला मनाई होते का, हे पुन्हा तपासलं गेलं. १० एप्रिल २०२४ रोजी उच्च न्यायालयाने सांगितलं की कारभार मराठीत करावा असं हा कायदा म्हणतो, पण मराठीच्या जोडीला दुसरी भाषा वापरायला मनाई करत नाही. न्यायमूर्ती सुधांशू धुलिया आणि न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन यांच्या सर्वोच्च न्यायालयातल्या पीठाने हेच कायम केलं.

या पीठाने आणखी काही महत्त्वाच्या गोष्टी बोलून दाखवल्या. भाषा म्हणजे धर्म नव्हे आणि ती धर्माची प्रतिनिधीही नसते. ती समाजाची, प्रदेशाची, माणसांची असते. उर्दू परकी आहे हा समज चुकीचा आहे, ती याच मातीत जन्मली आणि वाढली. नगरपरिषदेचं काम गावातल्या लोकांना सेवा देण्याचं आहे. उर्दू येणाऱ्यांना पाटी वाचता यावी म्हणून ती भाषा वापरली तर त्यात आक्षेप घेण्यासारखं काय आहे?

निकाल काय म्हणत नाही?

इथे आनंदाच्या भरात एक गोष्ट सुटते. न्यायालयाने पातूर नगरपरिषदेला उर्दू पाटी लावण्याचा आदेश दिला नाही. नगरपरिषदेने स्वतः ठरवून लावलेली पाटी उतरवायला नकार दिला. यात मोठा फरक आहे. ‘लावू शकता’ आणि ‘लावलीच पाहिजे’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. उद्या दुसऱ्या एखाद्या नगरपरिषदेने उर्दू न वापरण्याचं ठरवलं, तर हा निकाल दाखवून तिच्याकडून पाटी मागता येणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे नगरपरिषदेच्या पाटीला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न म्हणणं तितकंसं बरोबर नाही. राज्यघटनेच्या कलम १९ (१) (क) मधलं स्वातंत्र्य नागरिकाचं आहे, सरकारच्या विरोधात वापरायचं. नगरपरिषद स्वतःच सरकारचा भाग आहे. तिची पाटी म्हणजे लोकांशी बोलण्याचं साधन, म्हणून तिथे प्रश्न एवढाच असतो की कायदा मनाई करतो का आणि लोकांना वाचता येतं का. दुकानाची पाटी मात्र नागरिकाची स्वतःची असते. तिथे स्वातंत्र्याचा मुद्दा पूर्ण ताकदीने येतो.

दुकानाची पाटी: कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात दुकानं आणि आस्थापनांसाठी २०१७ चा कायदा आहे. २०२२ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि कलम ३६ क आलं. आधी दहापेक्षा कमी कामगार असलेली छोटी दुकानं या नियमातून सुटत होती. आता सगळ्यांनाच तो लागू आहे. नियम थोडक्यात असा:

१. नामफलक मराठीत, देवनागरी लिपीत असलाच पाहिजे.
२. मराठी अक्षरं आधी यायला हवीत.
३. ही अक्षरं दुसऱ्या कोणत्याही भाषेच्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत.
४. मराठीबरोबर इतर भाषा आणि लिपी वापरता येतात.

चौथा मुद्दा पुन्हा वाचा. उर्दू, इंग्रजी, गुजराती, कन्नड, काहीही लिहा, कायद्याची हरकत नाही. दुकानाचं नाव बदलण्याचीही गरज नाही. ‘नूर’ हे नाव देवनागरीत ‘नूर’ असंच लिहायचं. खाली त्याच मापाच्या किंवा लहान अक्षरांत उर्दू चालते.

व्यापाऱ्यांच्या एका संघटनेने या सक्तीला आव्हान दिलं होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली आणि वर २५ हजार रुपयांचा खर्चही बसवला. न्यायालयाचा मुद्दा असा होता की दुसऱ्या भाषेवर बंदीच नाही, तर तक्रार कसली? पाटी ग्राहकासाठी असते आणि राज्यातल्या ग्राहकाला मराठी वाचता येते. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी व्यापाऱ्यांना पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली. दसरा-दिवाळी तोंडावर आहे, खटल्यावर पैसे घालवण्यापेक्षा पाटी बदला, असा सल्लाही दिला.

आम्हाला हा नियम योग्य वाटतो. ज्या राज्यात आपण धंदा करतो, तिथल्या ग्राहकाला दुकानाचं नाव त्याच्या भाषेत वाचता यावं, यात कुणाचं काही हिरावलं जात नाही. शिवाय ‘तिथल्या ग्राहकात’ आपणही आहोत. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुस्लिमांची संख्या सुमारे १ कोटी ३० लाख होती आणि मातृभाषा उर्दू सांगणारे सुमारे ७५ लाख. म्हणजे उर्दू सांगणारे सगळे मुस्लिम धरले, तरी लाखो मुस्लिम घरांची भाषा उर्दू नाही. कोकणातल्या मुस्लिम घरात जाऊन ऐका, म्हणजे कळेल. श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठीत लिहीत होते आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहीर अमर शेख मराठीतच गर्जत होते. मराठी आपल्यावर कुणी लादलेली भाषा नाही.

सक्ती आणि बंदी यातला फरक

मग प्रश्न असा की भाषेच्या कायद्याने नेमकं कुठे थांबायचं? आमच्या मते रेषा स्पष्ट आहे. ‘ही भाषा असली पाहिजे’ असं सांगणारा कायदा आणि ‘दुसरी भाषा असता कामा नये’ असं सांगणारा कायदा, हे दोन वेगळे प्रकार आहेत. पहिला पाटीवर एक ओळ वाढवतो. दुसरा पाटीवरची ओळ पुसतो.

राज्यघटनेत बोलण्याच्या स्वातंत्र्यावर बंधन घालण्याची कारणं कलम १९ (२) मध्ये मोजून दिली आहेत: देशाची सार्वभौमता व अखंडता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि गुन्ह्याला चिथावणी. एखाद्या भाषेचा प्रसार हे कारण या यादीत नाही.

याबाबत एक निकाल तर थेट मराठी वृत्तपत्राच्या नावावर आहे. पुण्याच्या ‘सकाळ’ने १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात केंद्र सरकारविरुद्ध खटला जिंकला. वृत्तपत्राने किती पानं द्यावीत आणि किंमत किती ठेवावी, हे सरकार ठरवू पाहत होतं. छोट्या वृत्तपत्रांचं भलं व्हावं हा हेतू सरकारने सांगितला. न्यायालय म्हणालं की धंद्यावर ‘लोकहित’ म्हणून बंधन घालता येतं, पण अभिव्यक्तीवर घालता येत नाही. तिथे कलम १९ (२) मधलंच कारण लागतं. पुढे १९९५ मध्ये टाटा प्रेसच्या खटल्यात न्यायालयाने हेही मान्य केलं की व्यापारी जाहिरात ही सुद्धा अभिव्यक्तीच आहे.

या दोन निकालांना जोडून पाहिलं की आमचा निष्कर्ष असा निघतो: दुकानाच्या पाटीवर मराठी आणा असं सांगणं धंद्याच्या नियमात बसू शकतं, पण उर्दू काढा किंवा इंग्रजी काढा असं सांगायला गेलं तर सरकारला राज्यघटनेत आधार सापडणं कठीण आहे. महाराष्ट्राच्या कायद्याने तसं सांगितलेलंही नाही, म्हणूनच तो न्यायालयात टिकला.

क्वेबेकने काय शिकवलं?

हाच वाद जगात सगळ्यांत जास्त कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात गाजला. चारी बाजूंनी इंग्रजीने वेढलेल्या या फ्रेंच भाषकांना आपली भाषा बुडेल अशी खरी भीती होती. १९७७ च्या कायद्याने त्यांनी ठरवलं की दुकानांच्या पाट्या आणि जाहिराती फक्त फ्रेंचमध्येच असतील. लोकर, फुलं, पादत्राणं विकणारे काही दुकानदार न्यायालयात गेले. त्यांना फ्रेंच नको नव्हती, त्यांना फ्रेंचबरोबर इंग्रजीही लिहायची होती.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर १९८८ रोजी निकाल दिला. काय बोलायचं याचं स्वातंत्र्य आहे, तसंच कोणत्या भाषेत बोलायचं याचंही आहे, कारण भाषा आशयापासून वेगळी काढता येत नाही. फ्रेंच वाचवण्याचा हेतू न्यायालयाने रास्त मानला. फ्रेंच सक्तीची करा, ती ठळकपणे मोठी ठेवायला सांगा, हे चालेल. पण दुसऱ्या भाषेला पूर्ण बंदी चालणार नाही.

क्वेबेक सरकार ऐकायला तयार नव्हतं. कॅनडाच्या घटनेत काही मूलभूत हक्क ठरावीक काळासाठी बाजूला ठेवण्याची पळवाट आहे. ती वापरून त्यांनी काही दिवसांतच दुकानाबाहेर फक्त फ्रेंच हा नियम परत आणला. प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे गेलं. १९९३ मध्ये समितीने मत दिलं की सरकार आपली राजभाषा ठरवू शकतं, पण सरकारी कारभाराबाहेर माणसाने आपल्या पसंतीच्या भाषेत व्यक्त होण्यावर बंदी घालू शकत नाही. त्याच वर्षी क्वेबेकने कायदा बदलला. दुसरी भाषा चालेल, पण फ्रेंच स्पष्टपणे वरचढ दिसली पाहिजे. पुढे २०२२ मध्ये नियम पुन्हा कडक झाले, तरी इतर भाषांवर सरसकट बंदी परत आलेली नाही.

म्हणजे भाषेची काळजी असणाऱ्या समाजालाही शेवटी याच रेषेवर यावं लागलं. आपली भाषा ठळक करा, दुसऱ्याची पुसू नका.

बेळगावात आपण काय म्हणतो?

पातूरमधल्या उर्दूला विरोध करणाऱ्या मराठी बांधवांना आमचा एकच साधा प्रश्न आहे. बेळगावात काय व्हावं असं तुम्हाला वाटतं?

कर्नाटकातही पाट्यांचा कायदा आहे. २०२४ पासून दुकानांच्या पाटीवर ६० टक्के भाग कन्नडचा असावा लागतो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी माणसाला कन्नड लिहायला हरकत नसते. त्याचं म्हणणं असतं की त्याबरोबर मराठीही राहू द्या. महापालिकेची कागदपत्रं, सूचना, फलक मराठीतही मिळावेत, ही तिथल्या मराठी भाषकांची कित्येक वर्षांची मागणी आहे. या मागणीला सगळ्या महाराष्ट्राचा पाठिंबा असतो आणि आमचाही आहे.

मग पातूरच्या उर्दू भाषकाचं म्हणणं वेगळं काय आहे? राज्याची भाषा वर, आमची भाषा खाली. बेळगावात मराठीला जो न्याय हवा, तो पातूरमध्ये उर्दूला द्यावा लागेल. एका ठिकाणी हक्क आणि दुसऱ्या ठिकाणी लाड असं म्हणता येणार नाही. हे आपल्यालाही तितकंच लागू आहे. उर्दूसाठी न्याय मागताना दुकानावर मराठी लिहायला कुरकुर करायची, हेही चालणार नाही.

भाषेची सक्ती आणि नावाची सक्ती

पाटीवर काही लिहायला लावणं प्रत्येक वेळी निरुपद्रवी असतं असंही नाही. जुलै २०२४ मध्ये कावड यात्रेच्या मार्गावरच्या खाणावळी, ढाबे आणि फळविक्रेत्यांना मालकाचं नाव दर्शनी लिहायला सांगितलं गेलं. सुरुवात मुझफ्फरनगरच्या पोलिसांनी केली, मग ते उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडमध्ये पसरलं. २२ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम स्थगिती दिली. कोणतं जेवण मिळतं हे लिहायला सांगता येईल, पण मालकाचं आणि कामगारांचं नाव लिहिण्याची सक्ती करता येणार नाही, असं सांगितलं.

ही दोन प्रकारची सक्ती सारखी का नाही? दुकानाचं नाव मराठीत वाचलं की ग्राहकाला दुकान कळतं. जेवण शाकाहारी की मांसाहारी हे वाचलं की त्याला खायचं काय ते कळतं. मालकाचं नाव वाचून फक्त त्याचा धर्म कळतो. म्हणून पाटीबद्दलचा कोणताही नियम आला की हे विचारायला शिका: यातून वाचणाऱ्याला खरोखर उपयोगाचं काय मिळतं? की एखाद्याला वेगळं काढण्यासाठीच हा नियम केलाय?

आपण काय करायचं?

दुकानदारांनी सगळ्यांत आधी आपली पाटी बघावी. मराठी देवनागरीत आहे का, आधी आहे का, अक्षरं इतर भाषेपेक्षा लहान तर नाहीत ना? नसेल तर नोटीस येण्याची वाट न पाहता बदलून घ्या. दंड बसल्यावर बदलण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. आणि उर्दू ओळ असेल तर ती भीतीपोटी काढू नका.

पाटीवर कारवाई करण्याचा अधिकार महापालिकेला किंवा कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला आहे. पाटीला काळं फासणं, दगड मारणं, दुकानदाराला दमदाटी करणं हा गुन्हा आहे, मग करणारा कोणत्याही पक्षाचा असो आणि पाटी कोणत्याही भाषेची असो. असं झालं तर वाद न घालता फोटो काढा, पोलिसांत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

आपल्या गावात नगरपरिषदेच्या सूचना उर्दूत हव्या असतील, तर पातूरचा निकाल नाचवण्यापेक्षा नगरसेवकांशी बोलून ठराव करून घ्या. पातूरची पाटी टिकली, कारण तिच्यामागे सभागृहाचं बहुमत होतं. भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशात मान्य झालेल्या धोरणानुसार, जिथे एखाद्या भाषेचे लोक १५ टक्के किंवा त्याहून जास्त आहेत, तिथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्या भाषेतही प्रसिद्ध व्हावेत असं ठरलेलं आहे. हा कायदा नाही, धोरण आहे, तरी ठरावाच्या मागणीत त्याचा उल्लेख जरूर करा. राज्यघटनेचं कलम ३५० मात्र प्रत्येकाला हक्क देतं की तो आपलं गाऱ्हाणं संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडू शकतो. ज्या वडीलधाऱ्यांना फक्त उर्दू लिहिता येते, त्यांचा अर्ज भाषेच्या कारणावरून परत करता येत नाही.

आणि मुलांना दोन्ही लिपी शिकवा. उर्दू शाळेत शिकणाऱ्या मुलाचं मराठी कच्चं राहिलं तर पुढे नोकरीत, कचेरीत, न्यायालयात त्यालाच अडतं. मराठी शाळेत जाणाऱ्या मुलाला उर्दू वाचताच येत नसेल, तर उर्दू पाटीसाठी आपण भांडतोय ती वाचणार कोण?

एक शेवटचं. मराठी पाटीवर आपण रोज जे शब्द वाचतो त्यातले ‘दुकान’, ‘दवाखाना’, ‘तहसील’, ‘जिल्हा’ हे फारसी-अरबीतून आलेले आहेत. त्यांच्यामुळे मराठीचं काही बिघडलं नाही. शतकानुशतकं हे शब्द मराठीत सुखाने नांदतात. मग मराठीच्याच खाली, तिच्यापेक्षा लहान अक्षरांत, उर्दूची एक ओळ राहिली तर मराठीला धोका कसला?

मराठी वर असू द्या, मोठी असू द्या. आमचा आग्रह एवढाच आहे की खालची ओळ राहू द्या.